छोट्या हत्तीत मोठे इंजिन : खानदेशातील हलक्या मालवाहू गाडीसाठी सविस्तर मार्गदर्शन

सावद्याहून किंवा रावेरहून खतांच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी भरून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालेली टाटा एस, म्हणजे आपल्याकडचा छोटा हत्ती, सपाट रस्त्यावर काही तक्रार करीत नाही; पालच्या बाजूचा चढ लागला की मात्र ती दुसऱ्या गिअरवर येते आणि मालकाच्या मनात मोठ्या इंजिनाचा विचार सुरू होतो. हा विचार चुकीचा नाही. चूक होते ती इंजिन म्हणजेच सगळे काम असे समजण्यात. माझ्या अनुभवात इंजिन बसवणे हा या कामाचा लहानसा भाग आहे; थंड करणारी, ओढणारी आणि थांबवणारी यंत्रणा त्या इंजिनाच्या तोलाची करणे हा मोठा भाग आहे, आणि पैसा व वेळ तिथेच खर्च होतो.

आधी गरज मोजावी. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एसमध्ये ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्याची ताकद सुमारे १६ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे ३८ न्यूटन-मीटर. माल धरून गाडीचे एकूण वजन १५५० किलो आहे आणि रस्ता शंभर मीटरला आठ मीटर चढतो असे धरले, तर चढ आणि टायरचा विरोध मिळून साधारण १४५० न्यूटन बल लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने एवढे बल लावायचे तर चाकाशी १२ किलोवॅट, म्हणजे जवळपास १६ अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या ॲक्सलच्या मधल्या दातेरी चक्रांत) काही शक्ती वाया जाते हे लक्षात घेतले, की त्या चढावर गाडी २५ च्या आसपास का रेंगाळते हे कळते. इंजिनात दोष नसतो. हिशेबच तेवढा असतो. त्याच चढावर ५० चा वेग हवा असेल तर वाऱ्याचा विरोध आणि वाया जाणारी शक्ती धरून सुमारे ३५ अश्वशक्ती पुरते. म्हणजे गरज दुपटीची आहे, चौपटीची नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर तो उपयोगी पडतो.

कायद्याची बाजू पाना हातात घेण्याआधी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. परवानगीबाहेरच्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलून त्याचा क्रमांक नोंदवून घेणे ही एक गोष्ट झाली. सीसी आणि ताकद वाढवणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, आणि तिला नकार मिळण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून एमएच-१९ ची गाडी असेल तर जळगाव, एमएच-१८ ची असेल तर धुळे आणि एमएच-३९ ची असेल तर नंदुरबार येथील परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जात जुन्या आणि नव्या इंजिनाचा प्रकार, सीसी, भारत स्टेज मानक (धुराच्या प्रदूषणाची मर्यादा) आणि ब्रेक व ॲक्सलमध्ये होणारे बदल स्पष्ट लिहावेत, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत जुन्या इंजिनाचा एकही बोल्ट सैल करू नये. मालवाहू गाडीची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. तिथे इंजिन क्रमांक पाहिला जातो. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच क्रमांक पाहते. मंजुरी न मिळाल्यास अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. शेतातील खासगी वाट आणि केळी पॅकिंगचे आवार एवढ्यातच तिचे काम ठेवावे, नाहीतर बेत सोडून द्यावा. मंजुरी मिळाली तरी प्रमाणपत्रावरील भारक्षमता इंजिनामुळे वाढत नाही, हेही ध्यानात असावे.

दाता इंजिन निवडताना

दाता म्हणजे जिच्यातून इंजिन व इतर भाग काढून घ्यायचे ती दुसरी गाडी. टाटा एसच्या बाबतीत एक सोयीची गोष्ट आहे. तिचे ७०२ सीसीचे इंजिन आणि टाटाचेच १४०५ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन एकाच घराण्यातले आहेत; दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७९.५ मिलिमीटर असल्याने एक दुसऱ्याच्या बरोबर निम्मे भरते. हेच १४०५ सीसीचे इंजिन इंडिकातही होते, परंतु तिथे ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, त्यामुळे त्याचा गिअरबॉक्स आपल्या उपयोगाचा नाही. आपल्याला हवे ते टाटाच्याच थोड्या मोठ्या सुपर एसमधील, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसणारे, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेले, सुमारे ७० अश्वशक्ती आणि १३५ न्यूटन-मीटरचे. दुसरा पर्याय एस मेगामधील सुमारे ४० अश्वशक्तीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचा. आपल्या वहीतल्या गरजेशी तोच अधिक जुळतो. मात्र ते कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारे, इंजिन असल्याने त्याचा कंट्रोल युनिट, पूर्ण वायरिंग आणि सगळे सेन्सर त्याच गाडीतून घ्यावे लागतात. ज्या गॅरेजात स्कॅनर आणि तो समजणारा माणूस आहे त्यांनी मेगाचा विचार करावा. बाकीच्यांना यांत्रिक पंपाचे १४०५ समजायला सोपे, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे. गाडीच्या नोंदीतील भारत स्टेज मानकापेक्षा खालच्या मानकाचे इंजिन मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.

सुटे इंजिन स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, गिअरच्या केबल, रेडिएटर, पंखा, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), व्हॅक्यूम पंपासह अल्टरनेटर, सेल्फ आणि शक्य असल्यास मागचा ॲक्सल असा पूर्ण संच एकाच गाडीतून घ्यावा. एकेक भाग शोधत फिरण्यात जो वेळ जातो त्याची किंमत संचाच्या किमतीपेक्षा अधिक असते. इंजिन चालू स्थितीत, तेही थंड असताना सुरू करून पाहावे. तेलाचे झाकण उघडल्यावर जोराने वाफ येत असेल, कुलंटमध्ये तेलाचा तवंग असेल, किंवा टर्बोची दांडी बोटाने आजूबाजूला हलत असेल तर ते सोडून द्यावे. कॉम्प्रेशन मोजल्यावर चारही सिलिंडरमधील फरक १० टक्क्यांच्या आत हवा. कागदपत्रांत विक्रीची पावती, इंजिन क्रमांक आणि मूळ गाडी अधिकृतपणे भंगारात निघाल्याचा पुरावा असावा. ज्या इंजिनाचा इतिहास विक्रेता सांगू शकत नाही ते घेऊन नंतर पोलिसांना उत्तरे देण्याची वेळ येऊ शकते.

इंजिन जमिनीवर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे मागचे सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवे घालावे. सीटखालच्या अरुंद जागेत इंजिन बसल्यावर याच कामांना चौपट वेळ लागतो.

मोजमाप आणि जुने इंजिन उतरवणे

मोडतोड करण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या चाकांचे वजन वेगवेगळे मोजून घ्यावे. जिनिंग आणि केळीच्या व्यापारामुळे आपल्याकडे वजनकाटा दूर नसतो. काम संपल्यावर पुन्हा मोजून पुढच्या ॲक्सलवरचा वाढलेला भार निर्मात्याच्या मर्यादेत आहे की नाही हे पाहायचे आहे.

नव्या इंजिनाची लांबी, रुंदी, उंची आणि ऑइल चेंबरची, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याची, खोली घेऊन पुठ्ठ्याचा व प्लायवूडचा साचा बनवावा आणि तो आधी गाडीत बसवून पाहावा. टाटा एसला पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत. खड्ड्यात चाक वर उचलले की तो ॲक्सल आख्खाच चेंबरकडे येतो. त्यामुळे गाडी उभी असताना दिसणारे अंतर फसवे असते. बंप रबर (ॲक्सलचा धक्का अडवणारे रबर) पूर्ण दाबले गेल्यावर ॲक्सल जिथे येईल तिथपासून चेंबरपर्यंत किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर इंजिन मागे सरकवावे. चेंबर कापून उथळ करण्याचा मोह टाळावा, कारण तेल कमी झाले की चढावर पंप हवा ओढतो आणि बेअरिंगे जातात.

उतरवण्याचे काम सरळ आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कुलंट व तेल भांड्यात उतरवून घ्यावे, डिझेलच्या नळ्यांना बूच लावावे, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी, आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर पंचने खूण करून तो सोडवावा. गाडी जॅकवर कधीही ठेवू नये. चारही बाजूंना घोड्या (स्टँड) लावाव्यात आणि वजन चेन पुलीवर तोलले गेल्यावरच फाउंडेशनचे, म्हणजे इंजिनाच्या बैठकीचे, शेवटचे बोल्ट काढावेत. निघालेल्या मोकळ्या जागेत चेसिस घासून स्वच्छ करावी आणि जुन्या तड्यांसाठी बारकाईने पाहावी.

फाउंडेशन आणि कोन

इथे घाई केली तर पुढे सगळी गाडी थरथरते. नवे इंजिन व गिअरबॉक्स जोडून चेन पुलीवर लटकते ठेवावे, ओळंबा सोडून चेसिसच्या मध्यरेषेशी जुळवावे आणि मागचा शेवट डिफरन्शियलच्या रेषेत आहे का ते पाहावे. त्यानंतर कोनमापक घेऊन दोन कोन मोजावेत : एक गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आणि दुसरा डिफरन्शियलच्या पिनियनचा (जिला शाफ्ट जोडला जातो त्या दातेरी दांडीचा). हे दोन एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवर (वळणाऱ्या सांध्यांवर) पडणारे कोन जवळजवळ सारखे राहतात. फरक १ अंशापेक्षा जास्त नसावा आणि प्रत्येक कोन शक्यतो ३ अंशांच्या आत असावा. अगदी शून्य कोनही योग्य नव्हे, कारण मग क्रॉसमधील सुया एकाच जागी घासून खड्डे पाडतात. ही मोजणी रिकाम्या गाडीवर करून थांबू नये. मागे वाळूच्या गोण्या भरून, पाटे नेहमीच्या मालाइतके दबल्यावर पुन्हा करावी, कारण गाडी आयुष्यातला बराच काळ भरलेलीच चालणार आहे.

फाउंडेशनचे कंस ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीचे करावेत आणि रबर दाता गाडीचेच वापरावे. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर छिद्र पाडू नये व वेल्डिंगही करू नये, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. छिद्रे उभ्या पट्टीच्या मध्याजवळ पाडावीत, आतून जाड पट्टीचा आधार द्यावा आणि उच्च प्रतीचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत. कंसांचे वेल्डिंग आधी टाके मारून, इंजिन काढून टेबलावर पूर्ण करावे. गाडीवर वेल्डिंग करणे अटळच असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवून ठेवावेत.

शाफ्ट, ॲक्सल, ब्रेक

नवा गिअरबॉक्स लांब असल्याने प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. एका गाडीच्या वेळी मी घाईत शाफ्ट फक्त लेथवर कापून, जोडून आणला आणि बॅलन्सिंग, म्हणजे फिरताना तोल साधण्याचे काम, पुढच्या आठवड्यावर टाकले. तीन आठवड्यांत गिअरबॉक्सच्या मागचे बुश आणि सील गेले, तेल सांडत राहिले आणि सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. तेव्हापासून शाफ्ट कापला की तो डायनॅमिक बॅलन्सिंग करूनच आणायचा, हा माझा नियम आहे. सरकणाऱ्या जोडाला पाटे दबताना आत आणि चाके लोंबताना बाहेर जायला दोन्हीकडे किमान २५ मिलिमीटर वाव ठेवावा.

आता मुख्य प्रश्न. ३८ न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या डिफरन्शियलवर १३५ न्यूटन-मीटर, म्हणजे साडेतीन पट जोर येणार आहे. पहिल्या गिअरवर, भरलेली गाडी काळ्या मातीच्या चिखलातून काढताना क्राउन-पिनियनचे दात किंवा ॲक्सलची दांडी तुटेल. प्रश्न फक्त कधी तुटेल एवढाच. चालक हळू चालवील या भरवशावर ॲक्सल ठेवणे मला पटत नाही. दाता गाडीचा मागचा ॲक्सल घ्यावा. पण तो घेतला की त्याचे मोठे ड्रम १२ इंची रिमच्या आत बसत नाहीत, म्हणून १४ इंची चाके येतात. मागे तशी चाके आली की पुढचे हब, डिस्क आणि स्टिअरिंगची जागा बघावी लागते. चाकाचा घेर वाढला की स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो. पाट्यांच्या बैठकी ॲक्सलवर कुठे आहेत हे मोजून, गरज असेल तर जुन्या काढून नव्या बसवाव्या लागतात. हे सगळे एका कागदावर मांडून त्याची बेरीज चालू स्थितीतील जुन्या सुपर एसच्या किमतीशी ताडून पाहावी. बेरीज जवळपास सारखी आली तर माझा स्पष्ट सल्ला सुपर एसच घेण्याचा आहे. ज्यांची केबिन आणि हौदा उत्तम आहे व दाता संच हाताशी आहे, त्यांनाच हे काम परवडते.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नसावी. गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५० ऐवजी ७० च्या वेगाने उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकमध्ये जवळपास दुप्पट उष्णता तयार होते. दाता गाडीचे पुढचे डिस्क, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) एकत्रच घ्यावेत, कारण मास्टरचा व्यास आणि कॅलिपरचा पिस्टन एकमेकांना धरून ठरवलेले असतात. डिझेल इंजिनात बूस्टरसाठी आपोआप पोकळी तयार होत नाही. तिच्यासाठी व्हॅक्यूम पंप लागतो. त्याची नळी जाड भिंतीची असावी आणि पंपाला तेल पुरवणारी व परत नेणारी नळी दाबली जाऊ नये. ब्रेकच्या धातूच्या नळ्या एक्झॉस्टपासून दूर, क्लिपांनी बांधून न्याव्यात.

खानदेशची उष्णता

मी ज्यांच्याकडे काम शिकलो ते मिस्त्री इंजिन बदलायला आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत : "इंजिन बशी जाई भाऊ, पन पानी थंडं ऱ्हाई का?" भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रेडिएटरची क्षमता पाणी व हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. कुलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा असतो. हवा ४६ अंशांवर गेली की तो ४९ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर जवळपास ३० टक्के कमी काम करतो. हिवाळ्यात घेतलेली चाचणी म्हणूनच आपल्याकडे चाचणी ठरत नाही.

जुना रेडिएटर ठेवण्याचा विचार सोडावा. दाता गाडीचा रेडिएटर त्याच्या पंख्यासह आणि पंख्याभोवतीच्या आवरणासह घ्यावा. आवरण नसेल तर पंखा रेडिएटरच्या थोड्याच भागातून हवा ओढतो. रेडिएटरच्या चारही कडांना रबराची पट्टी लावून बाजूने निसटणारी हवा बंद करावी, आणि इंजिनाभोवती तापलेली हवा खालून बाहेर पडायला वाट ठेवावी. सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत हीच वाट बंद झालेली असते. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे ठेवला तर रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते, म्हणून जागा असेल तर तो बाजूला, स्वतःच्या हवेच्या वाटेवर ठेवावा.

कुलंटची टाकी संपूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच असावी. होज पाइपमध्ये कुठेही वर उचललेली कमान राहिली तर हवा तिथे अडकते. अशा जागी हवा काढण्याचा स्क्रू बसवावा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडावी. त्याने इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडरची झीज वाढते. बोअरवेलचे जड पाणी कधीही भरू नये. त्यातील क्षार नळ्यांच्या आत साचतात आणि दोन उन्हाळ्यांत रेडिएटर बंद पडतो. क्षारविरहित पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे घ्यावे. झाकण बरोबर दाबाचे असावे : ०.९ बारचे झाकण असेल तर साधे पाणीही सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हे संरक्षण संपते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर तंतूंची गादी बसते, ती दर आठवड्याला उलट्या बाजूने हवा मारून काढावी. हवेच्या फिल्टरचे तोंड चाकाच्या धुळीपासून दूर आणि उंच ठेवावे. काळ्या मातीची बारीक धूळ टर्बोची पाती झिजवते.

डिझेल, वीज, एक्झॉस्ट

टाकीतून येणारी आणि परत जाणारी अशा दोन्ही नळ्या नव्या पंपाच्या तोंडाच्या मापाच्या असाव्यात, आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर हाताच्या पंपासह बसवावा. गार इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे चार हीटर प्लग प्रत्येकी १० ते १५ अँपिअर घेतात, म्हणून त्यांना स्वतंत्र रिले, फ्यूज आणि जाड वायर लागते. इंजिन रबरावर बसलेले असते, त्यामुळे इंजिन ते चेसिस अशी जाड अर्थिंग पट्टी घातली नाही तर सेल्फचा प्रवाह क्लच किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जळते. तेलाच्या दाबाचे आणि पाण्याच्या तापमानाचे काट्याचे मीटर बसवावेत. दिवा पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. टर्बोपासून निघणारा एक्झॉस्ट सीटखालून जातो, म्हणून त्यात लवचीक जोड आणि वर उष्णतारोधक पत्रा हवाच.

पहिली सुरुवात आणि चाचणी

डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारून आणि मध्ये विश्रांती देऊन तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवावे; टर्बोला तेल पोहोचल्याशिवाय इंजिन पेटवू नये. सुरू झाल्यावर आयडलवर वीस मिनिटे ठेवून प्रत्येक जोड हाताने आणि टॉर्चने तपासावा, वरचा होज गरम होताना थर्मोस्टॅट उघडल्याची खात्री करावी आणि गार झाल्यावर कुलंट पुन्हा भरावे. पहिले १०० किलोमीटर रिकामी गाडी चालवावी, मग फाउंडेशन, शाफ्ट, चाके आणि ॲक्सलच्या यू-बोल्टवर पुन्हा टॉर्क पाना फिरवावा. त्यानंतर निम्मा माल आणि शेवटी प्रमाणपत्राइतका माल भरून, दुपारच्या उन्हात, चढावर न्यावी. तापमानाचा काटा चढाच्या माथ्यावर किती होता आणि उतारानंतर दोन मिनिटांत किती खाली आला, हे वहीत लिहावे. खाली यायला वेळ लागत असेल तर रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाही असे समजून तिथेच दुरुस्ती करावी. ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलून, जुना फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का ते पाहावे, आणि गाडी पुन्हा वजनकाट्यावर नेऊन पुढच्या-मागच्या वजनाची चिठ्ठी मंजुरीच्या कागदांसोबत लावून ठेवावी.